सिकलसेल : तपासणीच्या कागदानंतर काय?



गेल्या पावसाळ्यात, रोवणीच्या दिवसांत, कोरची भागातली एक आई आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन मनीषनगरच्या आमच्या कार्यालयात आली. मुलाला दवाखान्यातून सुट्टी मिळाली होती. गावाकडे जाणारी एसटी सकाळी होती, म्हणून एका रात्रीपुरती जागा हवी होती. मुलाचे डोळे पिवळसर दिसत होते, पोट थोडे पुढे आलेले होते. वर्षभरात तीन वेळा त्याचे अंग असे ठणकले होते की तो रात्रभर रडत बसला. दोनदा रक्त चढवावे लागले.

कागदपत्रे पाहावीत म्हणून मी पिशवी मागितली. रेशनकार्डाच्या घडीत एक जुना कागद निघाला. त्यावर आमच्याच शिबिराचा शिक्का होता. तारीख चार वर्षांपूर्वीची, आणि पेनाने लिहिले होते, ‘एसएस’.

“तुमच्याच लोकांनी देला हा कागद, बाई,” ती म्हणाली. “पेटीत जपून ठेवला होता.”

“ताई, यावर काय लिहिलंय ते कुणी सांगितलं होतं का?”

“तपासलं म्हून लिहून देला ना.”

तिला तो तपासणी झाल्याची पावती वाटला होता. त्या शिबिराचे फोटो आम्ही छापले होते, किती जणांचे रक्त तपासले तेही अभिमानाने सांगितले होते. त्या आईच्या घरी मात्र पुन्हा कोणी गेले नव्हते. चूक दुसऱ्या कोणाची नव्हती, आमचीच होती. म्हणून या अंकात सिकलसेल हा आजार काय आहे आणि तपासणीनंतर लेकराला नेमके काय मिळाले पाहिजे, हे आपल्यापुढे मांडत आहे.

आजार काय आहे?

आपल्या रक्तातल्या लाल पेशी गोल आणि लवचिक असतात. बारीक रक्तवाहिन्यांतूनही त्या अंग चोरून सहज जातात. त्यांच्यातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. सिकलसेलमध्ये या हिमोग्लोबिनच्या घडणीत एकच बारीकसा बदल झालेला असतो. त्यामुळे प्राणवायू कमी पडला, अंगातले पाणी घटले, थंडी वाजली किंवा ताप आला की पेशी ताठ होते आणि विळ्यासारखी वाकते. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, म्हणून हे नाव.

वाकलेल्या पेशींचे दोन परिणाम होतात. एक, त्या बारीक वाहिन्यांत अडकतात. पुढे रक्त जात नाही आणि त्या जागी भयंकर वेदना होतात. दोन, त्या लवकर फुटतात. निरोगी लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, तर ही जेमतेम 10 ते 20 दिवस. म्हणून मूल नेहमी फिकट दिसते, डोळे पिवळे होतात. गावात याला कावीळ समजून झाडपाला दिला जातो. सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळाचे हातापायाचे पंजे अचानक सुजतात, हे पुष्कळदा पहिले लक्षण असते.

हा आजार स्पर्शाने, उष्ट्याने, एकत्र झोपल्याने होत नाही. तो जन्माने येतो.

आपल्याच भागात का?

वैद्यकीय जगात या आजाराची पहिली नोंद 1910 साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी केली. भारतात 1952 साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो आढळला, आणि 1958 साली नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. म्हणजे आपल्या शहराला हा आजार साठ वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. महाराष्ट्रातील भिल्ल, पावरा, माडिया, परधान, ओतकर अशा काही समाजांत शंभरातले वीस ते पस्तीस जण या जनुकाचे वाहक असल्याचे अभ्यासांत दिसले आहे. विदर्भात तो आदिवासींपुरता मर्यादित नाही. इतर अनेक समाजांतही आहे, आणि आपल्या मंडळ्यांतली कुटुंबे याच समाजांतून आलेली आहेत.

मग हा शाप आहे का? असे मला गावोगाव विचारले जाते. उत्तर असे, की ज्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता, तिथेच हे जनुक टिकले. ज्याच्याकडे एकच सिकल जनुक आहे, त्याला मेंदूपर्यंत जाणाऱ्या जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. हे 1954 साली डॉ. ॲलिसन यांनी आफ्रिकेत दाखवून दिले. ज्या जनुकाने जंगलातल्या पूर्वजांना जगवले, तेच दोन्हीकडून एकत्र आले की लेकराला आजारी करते. यात कोणाचे पाप नाही आणि कोणाची करणीही नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. हे संरक्षण वाहकाला आहे, आजारी मुलाला नाही. सिकलसेलच्या मुलाला हिवताप झाला तर तो इतरांपेक्षा जास्त धोक्याचा असतो. म्हणून त्याला मच्छरदाणी हवीच.

एएस आणि एसएस

प्रत्येकाला एक जनुक आईकडून आणि एक वडिलांकडून मिळते. दोन्ही निरोगी असतील तर ‘एए’. एक सिकलचे असेल तर ‘एएस’, म्हणजे वाहक. वाहकाला आजार नसतो. तो शेती करतो, शिकतो, नोकरी करतो, सर्वसाधारण आयुष्य जगतो. दोन्ही सिकलची असतील तर ‘एसएस’, म्हणजे आजारी.

आई आणि वडील दोघेही एएस असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक, एएस होण्याची चारात दोन आणि एए होण्याची चारात एक असते. चार मुलांपैकी एकच आजारी होईल असा याचा अर्थ नाही. प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्याने टाकली जाते. एका घरात तिन्ही मुले निरोगी, तर शेजारच्या घरात दोन आजारी, असे आम्ही पाहिले आहे. आणि मूल एसएस असेल तर जनुक दोघांकडून आलेले असते. तरीही बहुतेक घरी दोष सुनेलाच दिला जातो. हा अन्याय थांबवायला एवढे एक वाक्यही पुष्कळ आहे.

शिबिरात बोटाच्या थेंबावर होणारी साधी चाचणी फक्त एवढेच सांगते की सिकलचे हिमोग्लोबिन आहे. व्यक्ती वाहक आहे की आजारी, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या तपासणीतच ठरते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर ही साधी चाचणी फसवू शकते, कारण त्याच्या रक्तात जन्माआधीचे हिमोग्लोबिन भरपूर असते. म्हणून पहिल्या कागदावर कधीही थांबू नये.

लेकरू कशाने वाचते?

महागड्या उपचारांच्या बातम्या आपण वाचतो. अस्थिमज्जा प्रत्यारोपण आहे. 2023 साली ब्रिटन आणि अमेरिकेत जनुक उपचारालाही मान्यता मिळाली, पण त्याची किंमत कोट्यवधी रुपयांत आहे. कोरचीच्या मुलापर्यंत ते कधी पोहोचेल कोण जाणे. पण आज, आहे त्या परिस्थितीत, लेकरे वाचवणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. त्या स्वस्त आहेत आणि सिद्ध झालेल्या आहेत.

पहिली गोष्ट जंतुसंसर्गापासून बचाव. या आजारात प्लीहा, म्हणजे पाणथरी, लहानपणीच निकामी होऊ लागते. शरीरातली जंतूंविरुद्धची एक मोठी चौकी त्यामुळे रिकामी पडते. 1986 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात सिकलसेलच्या लहान मुलांना दिवसातून दोन वेळा पेनिसिलिन दिले, तेव्हा न्यूमोकोकस जंतूचा गंभीर संसर्ग 84 टक्क्यांनी घटला. म्हणून डॉक्टर पाच वर्षांपर्यंत हे औषध देतात. न्यूमोकोकसची लस 2017 पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली आणि आता देशभर मोफत मिळते. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा तिच्या तीन वेळा आहेत. सिकलसेलच्या बाळाची एकही वेळ चुकू नये. आणि अशा मुलाला 101 च्या वर ताप आला तर “उद्या पाहू” म्हणू नये. त्याच दिवशी, काही तासांच्या आत, दवाखाना गाठावा.

दुसरी गोष्ट आईचा हात. कधी कधी लहान मुलाच्या पाणथरीत रक्त एकदम साठते. पोट फुगते, मूल पांढरे पडते आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. जमैकामध्ये डॉक्टरांनी आयांना शिकवले की डाव्या बरगडीखाली हात ठेवून पाणथरी कशी चाचपायची, आणि ती वाढलेली लागली तर लगेच दवाखान्यात यायचे. आधी अशा प्रत्येक शंभर प्रसंगांत सुमारे तीस मुले दगावत होती. आयांना शिकवल्यानंतर हे प्रमाण सुमारे तीनवर आले. हा अभ्यास 1985 साली प्रसिद्ध झाला. यंत्र नाही, वीज नाही, आईचा शिकलेला हात फक्त. आमच्या गावभेटीत आता प्रत्येक आईला हे प्रत्यक्ष करून दाखवतो, आणि तिच्याकडून करून घेतल्याशिवाय उठत नाही.

तिसरी गोष्ट हायड्रॉक्सीयुरिया. हे औषध शरीरात जन्माआधीचे हिमोग्लोबिन वाढवते, त्यामुळे पेशी वाकण्याचे प्रमाण कमी होते. नागपुरातील बालरोगतज्ज्ञ डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र त्रास असलेल्या मुलांना वजनाच्या दर किलोला 10 मिलिग्रॅम अशी ठरलेली कमी मात्रा देऊन पाहिली. वेदनांचे झटके आणि रक्त चढवण्याची गरज खूप घटली. हा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा या चार देशांतल्या सुमारे सहाशे मुलांवरचा अभ्यास 2019 साली छापून आला. तिथेही वेदना, संसर्ग, हिवताप आणि मृत्यू कमी झाले. म्हणजे हे औषध श्रीमंत देशांपुरते नाही. मात्र ते रोज घ्यावे लागते, ठरावीक काळाने रक्ताची तपासणी करावी लागते, आणि मात्रा डॉक्टरच ठरवतात. मुलगी मोठी होऊन लग्नाची झाली की गर्भधारणेआधी डॉक्टरांशी बोलावे लागते.

चौथी गोष्ट रोजची जपणूक. भरपूर पाणी, थंडीत उबदार कपडे, अतिश्रम नको. विदर्भाचा मे महिना आणि रोवणीचा चिखल, दोन्ही या मुलांना बाधतात. उन्हात अंगातले पाणी आटते, तर रोवणीत तासन्‌तास गार पाण्यात उभे राहिल्याने झटका येतो. या मुलांची मूत्रपिंडे पाणी राखून ठेवू शकत नाहीत. म्हणून त्यांना लघवीला वारंवार जावे लागते, कधी अंथरूण ओले होते. आश्रमशाळेत यावरून मार खाल्लेली मुले आम्हाला भेटली आहेत. शिक्षकांना एकदा नीट सांगितले की बाटली बाकावर ठेवू देतात आणि बाहेरही जाऊ देतात. त्यासाठी पैसे लागत नाहीत, कोणीतरी शाळेत जाऊन बोलावे लागते.

फॉलिक ॲसिडची गोळी बहुतेक मुलांना दिली जाते. लोहाची गोळी मात्र “रक्त कमी आहे” म्हणून आपल्या मनाने देऊ नये, डॉक्टरांना विचारूनच द्यावी. आणि मूल अचानक एका बाजूने लुळे पडले, बोलणे अडखळले किंवा छातीत दुखून दम लागला, तर क्षणही दवडू नये.

साखळी कुठे तुटते?

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. सतरा राज्यांत सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असे त्याचे ध्येय आहे. महाराष्ट्रात याआधीही पुष्कळांनी आयुष्य वेचले आहे. नागपूरचे संपत रामटेके यांना 2018 साली आणि पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांना 2019 साली सिकलसेलच्या कामासाठी पद्मश्री मिळाली. तपासणी आता गावागावात होत आहे, ही आनंदाची गोष्ट आहे.

पण तपासणी म्हणजे उपचार नव्हे. आमच्या अनुभवात साखळी चार ठिकाणी तुटते. कागद मिळतो, पण अर्थ कोणी सांगत नाही. औषध सुरू होते, पण दुसऱ्या महिन्याची फेरी चुकते, कारण त्या दिवशी मजुरी बुडते. मूल बरे दिसू लागते आणि घरचे गोळी थांबवतात. आणि मूल वसतिगृहात गेले की त्याचा आजार तिथे कोणालाच माहीत नसतो.

या चारही ठिकाणी मोठा पैसा लागत नाही, पण वारंवार जाणारा माणूस लागतो. म्हणून आम्ही आमची पद्धत बदलली. आता शिबिराची संख्या मोजत नाही. एसएस निघालेल्या प्रत्येक मुलाचे नाव वहीत आहे, आणि त्यापुढे महिन्याचे रकाने आहेत : गोळी घेतली का, आई पाणथरी पाहते का, लस झाली का, शाळेला कळवले का. रकाना रिकामा राहिला की कार्यकर्ता त्या घरी जातो. आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाई आम्हाला यात मोठी मदत करतात. औषध सरकारी केंद्रातूनच घेतो, आम्ही फक्त हात आणि औषध यांच्यामधले अंतर कमी करतो.

कायद्याचा आधारही आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया या तिन्ही रक्तविकारांचा समावेश आहे. प्रमाणपत्र काढून घेतले तर शिक्षणात आणि प्रवासात सवलतींचा मार्ग मोकळा होतो. पुष्कळ पालकांना हे ठाऊक नसते. मूल दिसायला धडधाकट, मग दिव्यांग कसे, असे त्यांना वाटते.

आपल्या मंडळीने काय करावे?

पहिले, लग्नाआधीची तपासणी. आपल्याकडे पत्रिका जुळवत नाहीत. हा एक कागद मात्र जरूर पाहावा. पाळकसाहेबांनी लग्नाची घोषणा करण्याआधी, विवाहपूर्व समुपदेशनातच दोघांना सिकलसेलची तपासणी करायला सांगावे. घोषणा झाल्यावर, कपडे घेतल्यावर हा विषय निघाला तर फार उशीर झालेला असतो. वाहकाने लग्नच करू नये असा याचा अर्थ मुळीच नाही. एएस व्यक्तीने एए व्यक्तीशी लग्न केले तर त्यांचे कोणतेही मूल एसएस होत नाही. आणि कोणाचा कागद कसा आहे, ही गोष्ट पाळकांच्या खोलीबाहेर जाता कामा नये. ती गेली तर पुढच्या वेळी कोणीही तपासणीला येणार नाही, आणि एखाद्या मुलीचे आयुष्यभराचे नुकसान होईल.

दुसरे, थोडे अवघड आहे, पण लिहिलेच पाहिजे. एका घरी आम्ही गेलो, तर मुलीची औषधाची बाटली बंद होती. आई म्हणाली, “उपवास-प्रार्थना झाली. गोळी दिली तर विश्वास कमी पडला असं होईल.” दीड महिन्यात ती मुलगी पुन्हा खाटेवर होती. मी स्वतः ईश्वरविज्ञान शिकले आहे आणि प्रत्येक गावभेटीत प्रार्थना करते. पण पौलाच्या सोबत प्रवास करणारा लूक वैद्य होता, हे आपण संडे स्कूलमध्येच शिकलो आहोत. प्रार्थना करा, आणि गोळी द्या. ज्या घरात आपण प्रार्थनेला जातो, तिथे उठण्याआधी “आजची गोळी दिली का?” एवढे विचारावे. पाळकांनी आणि वडीलमंडळींनी हे विचारले, तर त्याला आमच्या दहा भेटींपेक्षा जास्त वजन असते.

तिसरे, रक्तदान. सुट्ट्या आणि उन्हाळा यांमुळे एप्रिल-मेमध्ये रक्तपेढ्यांत रक्त कमी पडते. रक्ताची पिशवी फार तर पाच-सहा आठवडे टिकते, म्हणून नाताळात दिलेले रक्त मे महिन्यात कामी येत नाही. तरुण संघांनी आपले शिबिर नाताळाऐवजी उन्हाळ्यात घ्यावे, ही विनंती.

चौथे, गावाहून नागपूरला येणाऱ्या कुटुंबाला एक रात्र आणि एक जेवण. गडचिरोलीहून नागपूर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर, आणि कोरची, भामरागडकडून आले तर पहिला पल्ला गडचिरोली किंवा वडसापर्यंतचा. गणेशपेठेच्या स्टँडवर रात्र काढलेली आई सकाळी डॉक्टर काय सांगतात ते नीट ऐकू शकत नाही. महिला मंडळांनी ही जबाबदारी आळीपाळीने घेतली, तर फेऱ्या चुकणे नक्की कमी होईल.

त्या मुलाचे काय झाले?

त्या रात्री मी त्याच्या आईजवळ बसून कागदाचा अर्थ सांगितला. चार वर्षे उशिरा. ती रागावेल असे वाटले होते. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग तिने विचारले, “लहानीलाही तपासावं लागन का?” लहान बहिणीचीही तपासणी झाली. ती एएस निघाली, आणि या वेळी एएस म्हणजे काय हे आईला त्याच दिवशी समजावून सांगितले.

मुलाची हायड्रॉक्सीयुरिया सुरू आहे. मागच्या महिन्यात त्याच्या शाळेत गेले होते. बाकावर पाण्याची बाटली होती. आजार गेलेला नाही आणि पुढेही जपावे लागणार आहे. पण वहीत त्याच्या नावापुढचा एकही रकाना आतापर्यंत रिकामा नाही.

आपल्या ओळखीच्या घरात असा एखादा जुना कागद पेटीत पडलेला असेल, तर तो काढून वाचायला सांगा. त्यावर एसएस लिहिलेले असेल, तर त्या लेकराला याच आठवड्यात जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या.